उभ्या सिलिंडरवरचा भार धरून ठेवण्यासाठी पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह पुरेसा आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: 63 मिमी बोअर, 20 मिमी रॉड आणि 300 मिमी स्ट्रोकचा सिलिंडर उभा बसवलेला आहे, तो 80 किलोचा प्लॅटफॉर्म खालून उचलतो, हवेचा दाब 6 बार आहे आणि दिशा बदलण्यासाठी 5/3 (पाच पोर्ट, तीन स्थिती) क्लोज्ड सेंटर सोलेनॉइड, म्हणजे विजेने चालणारा, व्हॉल्व्ह वापरलेला आहे. रात्री कॉम्प्रेसर बंद केला की सकाळी प्लॅटफॉर्म खाली बसलेला दिसतो. पुरवठादाराने सिलिंडरच्या पोर्टवर पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह बसवायला सांगितले आहे, आणि तो बसवल्यावर कामगारांना प्लॅटफॉर्मखाली हात घालून साफसफाई करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

व्हॉल्व्ह जरूर बसवा, पण त्यासोबत तुमचा 5/3 व्हॉल्व्हही बदलावा लागेल. साफसफाईबाबत माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. हा व्हॉल्व्ह हवा अडवतो, भार अडवत नाही. या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे कळले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

आधी भार का उतरतो ते पाहू. क्लोज्ड सेंटर स्थितीत सगळे पोर्ट बंद असतात हे कागदावर खरे असले, तरी स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) आणि त्याची बॉडी यांच्यातून थोडी हवा झिरपत राहते. धातूवर धातू सरकणाऱ्या स्पूलमध्ये तर तेवढी गळती रचनेतच गृहीत धरलेली असते. त्यात व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतची ट्यूब आणि तिची प्रत्येक फिटिंग यांची भर पडते. शिवाय ती ट्यूब कापली गेली किंवा फिटिंगमधून निसटली, तर क्लोज्ड सेंटरचा काहीही उपयोग होत नाही आणि भार सरळ खाली येतो. पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे शॉपफ्लोअरवर बहुतेक जण पायलट एनआरव्ही (नॉन रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात, नेमका हा धोका कमी करतो. तो हवेला सिलिंडरमध्ये मुक्तपणे जाऊ देतो, पण पायलट पोर्टला, म्हणजे त्याला उघडणाऱ्या हुकमाच्या हवेच्या तोंडाला, दाब मिळाल्याशिवाय परत बाहेर येऊ देत नाही. म्हणूनच तो थेट सिलिंडरच्या पोर्टमध्ये घट्ट बसवलेला असावा. मी काही ठिकाणी तो सोयीसाठी पॅनेलमध्ये, सिलिंडरपासून दोन मीटर लांब बसवलेला पाहिला आहे. अशा वेळी मधली ट्यूब पूर्वीइतकीच धोक्याची राहते.

आता 5/3 व्हॉल्व्हकडे येतो, कारण सर्वात जास्त चुका इथेच होतात. सिलिंडरमधल्या पिस्टनखालच्या कप्प्याच्या चेक व्हॉल्व्हला पायलट हवा वरच्या कप्प्याकडे जाणाऱ्या लाइनमधून दिली जाते, म्हणजे उतरण्याचा हुकूम मिळाला की तीच हवा चेक व्हॉल्व्हही उघडते. क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्ह मध्यस्थितीत आला की या लाइनमधली हवा तिथेच कोंडली जाते, पायलटवरचा दाब टिकून राहतो आणि चेक व्हॉल्व्ह उघडाच राहतो किंवा फार उशिरा बंद होतो. मध्यस्थितीत दोन्ही लाइनना दाब देणारा प्रेशर सेंटर व्हॉल्व्ह तर पायलटला सतत दाब देत राहील. त्यामुळे इथे 5/3 एक्झॉस्ट सेंटर व्हॉल्व्हच हवा, ज्याच्या मध्यस्थितीत दोन्ही लाइन वातावरणात मोकळ्या होतात, पायलटचा दाब लगेच शून्यावर येतो आणि चेक व्हॉल्व्ह आपल्या सीटवर बसतो. खर्च वाचवण्यासाठी कोणी एका सोलेनॉइडचा, स्प्रिंग रिटर्न 5/2 व्हॉल्व्ह सुचवला तर तो स्वीकारू नका. वीज गेली आणि हवा चालू राहिली, तर स्प्रिंग स्पूलला उतरण्याच्या स्थितीत नेईल, पायलटला हवा मिळेल आणि चेक व्हॉल्व्ह स्वतःच उघडून भार खाली सोडेल.

हवा दाबली जाते, तेलासारखी टणक राहत नाही, हे आपण सगळे शाळेत शिकलेलो असतो, पण त्याचे आकडे मांडून पाहिले की परिस्थितीचे गांभीर्य कळते. तुमच्या सिलिंडरचे पिस्टनखालचे क्षेत्रफळ सुमारे 31.2 चौरस सेंटिमीटर आहे. 80 किलो म्हणजे जवळपास 785 न्यूटन, आणि तेवढ्यासाठी खालच्या कप्प्यात साधारण 2.5 बार दाब पुरतो. प्लॅटफॉर्म पूर्ण वर, टोकाला टेकलेला असेल तर कोंडलेल्या 6 बारमध्ये भरपूर राखीव असते. तो दाब गळतीने 2.5 बारच्या खाली येईपर्यंत प्लॅटफॉर्म हलणार नाही. मधल्या उंचीवर मात्र अशी राखीव ताकद नसते. समजा पिस्टनखाली 200 मिमी उंचीचा हवेचा स्तंभ आहे, वरचा कप्पा मोकळा आहे आणि कोणीतरी प्लॅटफॉर्मवर आणखी 40 किलोचा माल ठेवला. आता 3.8 बार दाब लागेल. वातावरणाचा सुमारे 1 बार दोन्ही आकड्यांत मिळवून हिशेब केला, तर तो स्तंभ सुमारे 147 मिमीपर्यंत दबतो. म्हणजे एकही गळती नसताना, चेक व्हॉल्व्ह उत्तम स्थितीत असताना, प्लॅटफॉर्म पाच सेंटिमीटरहून अधिक खाली येतो. उलट, 80 किलोंपैकी निम्मा भार उचलून घेतला तर तोच प्लॅटफॉर्म वर उसळून टोकाला आदळेल. भरताना गरम झालेली हवा नंतर निवते, त्यामुळेही दाब थोडा उतरतो.

तुम्हाला मधल्या उंचीवर थांबायचे असेल, तर दोन्ही पोर्टवर चेक व्हॉल्व्ह बसवावे लागतील. फक्त खाली बसवला तर थांबण्याच्या क्षणी वरच्या कप्प्यातली हवा एक्झॉस्ट सेंटरमधून निघून जाते आणि खालची हवा प्रसरण पावून पिस्टनला वर ढकलते. दोन्हीकडे बसवताना एक गोष्ट नक्की पाहा: प्रत्येकाची पायलट ट्यूब समोरच्या चेक व्हॉल्व्हच्या अलीकडून, म्हणजे दिशा व्हॉल्व्हच्या बाजूने घेतलेली असावी. ती सिलिंडरच्या बाजूने घेतली तर समोर कोंडलेली हवाच चेक व्हॉल्व्हला उघडा ठेवेल.

उतरताना प्लॅटफॉर्म झटके देत खाली येतो, अशी तक्रार हा व्हॉल्व्ह बसवल्यावर हमखास येते. त्याचे कारण असे की भार स्वतःच्या वजनाने वेगात खाली जातो, वरचा कप्पा हवेने भरण्याआधीच मोठा होतो, तिथला आणि पायलट लाइनमधला दाब पडतो, चेक व्हॉल्व्ह बंद होतो, भार थांबतो, दाब पुन्हा चढतो आणि हेच चक्र चालू राहते. यावर उपाय म्हणजे खालच्या कप्प्यातून निघणारी हवा मीटर आउट पद्धतीच्या फ्लो कंट्रोलने आवरणे. तेवढ्याने भागले नाही तर पायलटसाठी वेगळा 3/2 व्हॉल्व्ह घेऊन त्याला थेट मुख्य लाइनची हवा द्यावी. मला स्वतःला दुसरी रचना जास्त भरवशाची वाटते, मात्र इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर तो 3/2 व्हॉल्व्हही बंद होऊन पायलट मोकळा झाला पाहिजे. व्हॉल्व्ह निवडताना कॅटलॉगमधला पायलट दाबाचा आलेखही तपासा. उतरताना वरून 6 बार आला आणि चेक व्हॉल्व्ह अजून उघडला नसेल, तर रॉडचे क्षेत्रफळ वजा करून वरचा रेटा सुमारे 1680 न्यूटन, त्यात 785 न्यूटनचा भार, म्हणून खालच्या कप्प्यातला दाब 7.9 बारपर्यंत जाऊ शकतो. लाइनमधल्या हवेपेक्षा जास्त असलेल्या या दाबाविरुद्धही पायलटने व्हॉल्व्ह उघडला पाहिजे.

आता ज्या धोक्यामुळे मी हे उत्तर इतके सविस्तर लिहितो आहे, तो सांगतो. भोसरीतील एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात असताना एका फिटरने नियमाप्रमाणे मुख्य हवा बंद केली, एफआरएलवरचा (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांचा संच) गेज शून्यावर आल्याची खात्री केली आणि सिलिंडरची गळकी फिटिंग सोडवायला घेतली. त्या पोर्टवर पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह होता आणि त्याच्या पलीकडे पूर्ण दाबाची हवा तशीच कोंडलेली होती. चेक व्हॉल्व्हचे आटे सैल झाले, हवा सुटली आणि वरची चौकट खाली आली. त्याच्या दोन बोटांची हाडे मोडली. त्याने कोणतीही बेपर्वाई केली नव्हती. यंत्राने त्याला दाखवलेला शून्य खोटा होता, कारण कोंडलेल्या हवेचा दाब दाखवणारे साधनच तिथे कोणी बसवले नव्हते. ज्या गुणासाठी आपण हा व्हॉल्व्ह घेतो, तोच गुण दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो, ही गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक नवीन माणसाला सांगत आलो आहे.

म्हणून हाताने हवा सोडण्याची सोय असलेलाच चेक व्हॉल्व्ह घ्या आणि सिलिंडर व चेक व्हॉल्व्ह यांच्या मध्ये दाबाचा छोटा गेज किंवा इंडिकेटर बसवा. यंत्रावर मराठीत आणि हिंदीत ठळक पाटी लावा की मुख्य हवा बंद केली तरी सिलिंडरमध्ये दाब असतो. क्रमही ठरवून द्या: आधी भाराला खालून पक्का आधार, मग मुख्य हवा बंद करून कुलूप, मग दोन्ही कप्प्यांतली हवा हळूहळू सोडणे, आणि दोन्ही गेज शून्यावर आल्यावरच पान्याला हात लावणे. आयएसओ 4414 हे हवेच्या यंत्रणांच्या सुरक्षिततेचे मानक साठून राहिलेल्या ऊर्जेकडे लक्ष वेधते ते याच कारणासाठी. दुरुस्तीनंतर हवा सुरू करताना दाब हळूहळू चढवणारा सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह उपयोगी पडतो, कारण रिकाम्या कप्प्यात मीटर आउट फ्लो कंट्रोलला आवरायला हवाच नसते आणि पहिला स्ट्रोक भरधाव जातो.

प्लॅटफॉर्मखाली हात घालण्यासाठी यांत्रिक आधारच हवा. साफसफाई नेहमी वरच्या एकाच स्थितीत होत असेल, तर भाराला पुरेल असा आडवा पिन आणि तो बसल्याची खात्री देणारा सेन्सर हा सर्वात सोपा उपाय आहे. कुठल्याही उंचीवर थांबायचे असेल तर स्प्रिंगने आवळणारा आणि हवेने सुटणारा रॉड लॉक घ्यावा लागेल. मात्र साधा रॉड लॉक थांबलेला भार धरण्यासाठी असतो, चालता भार थांबवण्यासाठी नव्हे. तो सोडण्याआधी दोन्ही कप्प्यांतला दाब भाराशी तोललेला असला पाहिजे, नाहीतर सुटताक्षणी प्लॅटफॉर्म उसळेल किंवा कोसळेल. यंत्राच्या नियंत्रणातले सुरक्षेचे भाग आयएसओ 13849 या मानकाप्रमाणे तपासले की एकट्या चेक व्हॉल्व्हवर माणसाचा हात का सोपवता येत नाही हे तिथेही दिसेल: सीटवर गंजाचा एक कण अडकला तरी तो गळतो, आणि ते बाहेरून कोणालाही कळत नाही.

हा कण बहुतेक वेळा हवेच्या लाइनमधूनच येतो. पावसाळ्यात पुण्यात किंवा कोकणात कॉम्प्रेसरच्या टाकीत किती पाणी साठते हे तुम्ही पाहिले असेलच; जुन्या लोखंडी पाइपमधला गंज त्या पाण्याबरोबर पुढे सरकतो. एफआरएलमध्ये 5 मायक्रॉनचा फिल्टर आणि ऑटो ड्रेन लावा. आठवड्यातून एकदा प्लॅटफॉर्म रोजच्याच भारासह मधल्या उंचीवर थांबवा, खाली कोणी नाही हे पाहा, मुख्य हवा बंद करा, रॉडवर खूण करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा वहीत लिहून ठेवा. तो वाढताना दिसला तर आधी साबणाच्या पाण्याने फिटिंग तपासा, मग चेक व्हॉल्व्ह आणि शेवटी पिस्टनचे सील. सील झिजले असेल तर हवा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते आणि बाहेर कुठेही बुडबुडा दिसत नाही.