केबल ट्रेंच मॉडेलमध्ये ठेवलास का?

भावा, फौंड्रीत गॅस गळला तर कुठं जाईल याच्या कॉम्प्युटर मॉडेलची तुझी पोस्ट वाचली आणि आमच्या शिरोलीच्या फौंड्रीतली ती सकाळ आठवली. तुझ्याकडंही लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) तापवायला एलपीजीची बँक (एकत्र जोडलेले सिलिंडर), गॅस डिटेक्टर कुठं लावायचे म्हणून सीएफडी (हवा-गॅस कसा वाहील याचं कॉम्प्युटरवरचं गणित), आणि चित्रात गळलेला सगळा गॅस लूव्हरमधून, म्हणजे भिंतीतल्या पट्ट्यांच्या झरोक्यातून, बाहेर. हेच चित्र मीही काढलं होतं.

मेश (गणितासाठी केलेले जागेचे छोटे तुकडे) किती बारीक, टर्ब्युलन्स मॉडेल कुठलं, ग्रॅव्हिटी चालू आहे का, हे विचारत नाही. मॉडेलमध्ये केबल ट्रेंच, म्हणजे फरशीतली केबल टाकायची चर, आहे का, तेवढं सांग.

मी काढून टाकला होता. ड्रॉइंगमध्ये होता, चेकर्ड प्लेटखाली, बँकेपासून थेट फर्नेसच्या पॅनलपर्यंत. पण त्या अरुंद जागेत मेश बिघडायचा, रात्रभर चाललेला रन पहाटे कोसळायचा. म्हटलं, फरशी सपाट करून टाकू. केली, आणि काय झकास कन्व्हर्ज झालं, गणित एका उत्तरावर स्थिरावलं! एलपीजीतला प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. तो खालीच उतरणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. डेडलाईन होती, बस्स.

पुढं पावसाळ्यात एका सकाळी इलेक्ट्रिशियनला पॅनलजवळ वास आला. बँकेचा एक जॉइंट गळत होता आणि गॅस प्लेटच्या फटीतून ट्रेंचमध्ये उतरला होता. माझ्या चित्राप्रमाणं लूव्हरशेजारी लावलेला डिटेक्टर गप्प. हवेत दोनेक टक्के झाला की पेटायला ठिणगी पुरते. त्या माणसानं कुठल्याही स्विचला हात न लावता बाहेर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. लूव्हरवर तर पोरांनी झड येते म्हणून जूनमध्येच ताडपत्री ठोकलेली, आणि माझ्या मॉडेलमध्ये तिथून बारा महिने वारा वाहत होता.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात १९८७ साली आग लागून ३१ माणसं गेली. ज्वाळा एस्केलेटरच्या खोलगट भागात आडवी झोपून वर सरकते, असं सीएफडीनं दाखवलं, तेव्हा आधी प्रोग्रॅमच चुकलाय असं वाटलं होतं. मग छोटी प्रतिकृती पेटवून पाहिली, तर तेच घडलं. त्यांनी खोलगट भाग मॉडेलमध्ये ठेवला होता. मी पुसला.

आणि ज्या कार्यालयात रिपोर्ट दिला (नाव घेत नाही), तिथं चार महिने फाईल कशासाठी अडली? रंगीत प्रिंटच्या तीन प्रती आणि पानोपानी शिक्का. गॅस कुठं जातो, हे एकानंही विचारलं नाही. असो, बीपी वाढतं.

माझं मत, पटलं तर घे; मी काही लायसन्सवाला सल्लागार नाही. वारा शून्य आणि लूव्हर बंद, ही केस आधी चालव. इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या इंधन डेपोत २००५ मध्ये पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला तेव्हा हवा जवळजवळ स्तब्ध होती. ओपनफोम या सीएफडी प्रोग्रॅममध्ये ट्रेंच जमत नसेल तर एफडीएस (आग-धुरासाठीचा सीएफडी प्रोग्रॅम) बघ, फुकट आहे आणि चौकोनी ग्रिडमुळं सरळ ट्रेंच त्यात सहज बसतो. फक्त ट्रेंचमध्ये सेल (ग्रिडचे चौकोन) बारीक ठेव. निकाल काहीही येवो, ट्रेंच वाळूनं भर, भिंतीतून जातो तिथं सील कर. डिटेक्टर जमिनीलगतच.

ट्रेंच भरायच्या आधी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळाला तर कोमट पाण्यात टाकून धुकं कुठं उतरतं ते बघ. कार्बन डायऑक्साइड प्रोपेनइतकाच जड. पण ट्रेंचमध्ये कुणाला उतरू देऊ नकोस, गुदमरेल.

ट्रेंचची मापं आणि लूव्हरचे आत्ताचे फोटो टाक. ताडपत्रीसकट.