विचारा, सांगतो : स्लो कुकरमधलं चिकन आणि त्यावरचे डंपलिंग

गेल्या अंकात ‘चिकन अँड डंपलिंग्ज’ (चिकनचा रस्सा आणि त्याच्या वाफेवर शिजणारे पिठाचे गोळे) या अमेरिकन घरगुती पदार्थाची स्लो कुकरसाठीची, म्हणजे ‘लो’, ‘हाय’ आणि ‘वॉर्म’ असे खटके असलेल्या, तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यासाठीची, कृती दिली होती. त्यावर बडोद्याच्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. अंक हाताशी नसेल त्यांच्यासाठी कृती आधी थोडक्यात.

साडेतीन ते चार लिटरच्या कुकरसाठी ७५० ग्रॅम बोनलेस लेग किंवा थाय, २ कांदे, ३ गाजरं, ५-६ लसूण पाकळ्या, २ तमालपत्रं, पाव टीस्पून ओवा, दीड टीस्पून मीठ आणि ९०० मिली पाणी किंवा चिकनचा स्टॉक. कांदा-लसूण ३० ग्रॅम लोण्यात गॅसवर परतून घ्यायचे. गाजरं तळाशी, वर चिकन, त्यावर बाकी सगळं. लो वर ६ तास किंवा हाय वर साडेतीन तास. मग चिकन काढून काट्याने सोडवायचं आणि परत घालायचं. १२० मिली दुधात २ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर कालवून ते रश्शात मिसळायचं, मटार आणि ताजी मिरपूड घालायची. शेवटी २०० ग्रॅम मैदा, अडीच टीस्पून बेकिंग पावडर, पाऊण टीस्पून मीठ, ४० ग्रॅम थंड लोणी आणि १५० मिली थंड दूध यांच्या सैलसर पिठाचे १२ गोळे रश्शावर सोडायचे आणि झाकण लावून हाय वर ४०-४५ मिनिटं ठेवायचं.

प्रश्न : चिकन उत्तम झालं. गोळे मात्र वरून फुगलेले आणि आत कच्चे, टाळूला चिकटणारे. चिकन लो वर शिजलं म्हणून गोळेही लो वरच अर्धा तास ठेवले होते. काय चुकलं? (कारेलीबाग)

लो वर ठेवले, तिथेच घोटाळा झाला. हा पदार्थ एका भांड्यात होत असला तरी त्यात दोन वेगळी कामं आहेत. चिकनला मंद आच आणि भरपूर वेळ हवा. गोळ्यांना खालून उकळता रस्सा आणि वरून दाट वाफ हवी, आणि तीही ताबडतोब. स्लो कुकर पहिलं काम आपोआप करतो, दुसरं त्याच्याकडून करवून घ्यावं लागतं.

बेकिंग पावडरचा थोडा वायू पीठ ओलं होताच सुटतो, उरलेला उष्णता लागल्यावर. रस्सा नुसताच गरम असेल तर पीठ घट्ट व्हायच्या आत तो वायू निसटून जातो. मग जाळी पडत नाही, गिच्च गोळा उरतो. म्हणून कॉर्नफ्लोअर घालण्याआधीच कुकर हाय वर करा आणि कडेने बुडबुडे येईपर्यंत थांबा. लो वरून आलेल्या भांड्याला याला अर्धा तास सहज लागतो. तेवढा धीर नसेल तर दोन कप रस्सा पातेल्यात काढा, कॉर्नफ्लोअरचं दूध त्यात घालून गॅसवर खळखळून उकळा आणि परत कुकरमध्ये ओता. रस्सा दाट होतो आणि सगळ्या भांड्याचं तापमानही चढतं. आमच्या मते हीच पद्धत सर्वांत खात्रीची.

गोळे सोडल्यावर पहिली ३५ मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. एकदा उघडलं की गेलेली वाफ परत जमायला १५-२० मिनिटं जातात. झाकणाला सुटलेलं पाणी गोळ्यांवर टपकतं आणि वरचा थर ओलसर राहतो. त्यासाठी झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून लावा, मोदकाच्या वाफेसाठी लावतो तसाच. पंच्याची टोकं वर झाकणावर दुमडून ठेवा, कुकरच्या गरम अंगावर लोंबू देऊ नका.

शिवाय पीठ. कणीक मळायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण हे पीठ मळायचं नसतं. लोणी मैद्यात चोळून रव्यासारखं करा, दूध एकदम ओता, चमच्याने दहा-बारा वळसे द्या. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबा, गाठी राहिल्या तरी चालतील. जास्त फिरवलं की चिवटपणा येतो. गोळा भरल्या टेबलस्पूनएवढा, साधारण ३० ग्रॅमचा. लिंबाएवढे मोठे केलेत तर मध्यभाग कच्चाच राहणार. ते रश्शात बुडवायचे नाहीत, चिकन-गाजरांच्या तुकड्यांवर टेकवायचे. मधोमध टूथपिक खुपसून पाहा, कोरडी निघाली की झाले.

प्रश्न : माझे गोळे फुगले छान, पण चव कडवट आणि साबणासारखी. मैदा, दूध वाटीने मोजलं होतं. (वारसिया)

दोन शक्यता आहेत. पहिली वाटीची, कपाच्या जागी ती घेतली असेल तर. अमेरिकन कप २४० मिलीचा, त्यात मैदा साधारण १२५ ग्रॅम बसतो. घरातली वाटी बहुधा १५० मिलीच्या आसपास असते. मैदा आणि दूध दोन्ही त्याच वाटीने घेतलं तर त्यांचं आपसातलं प्रमाण टिकतं, पण बेकिंग पावडर मात्र चमच्याने पूर्ण पडते आणि जवळजवळ दीडपट होते. काटा असेल तर वजनानेच घ्या.

दुसरी शक्यता जास्त दाट. बडोद्यात किराणावाला ‘साजीना फूल’ म्हणून देतो तो खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. सोडा तिच्या तीन-चार पट जोरदार असतो आणि आंबट काही नसेल तर तसाच उरून कडवट लागतो. घरात सोडाच असेल तर दुधाऐवजी दाट आंबट ताक घ्या आणि पाव टीस्पूनपेक्षा जास्त सोडा घालू नका. जोडीला एक टीस्पून बेकिंग पावडर मिळाली तर उत्तम.

पावसाळ्यात उघडा राहिलेला बेकिंग पावडरचा डबा दमट होऊन निकामी होतो. पाव कप गरम पाण्यात अर्धा टीस्पून टाका. जोरात फसफसली तर ठीक, नाही तर फेकून द्या.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून स्लो कुकर आणलाय. प्लगला अडॅप्टर लावून वापरला तर चालेल ना? (अलकापुरी)

नाही. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब (व्होल्टेज) नाही. कुकरच्या बुडाची पट्टी वाचा. ‘१२० व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर साडेतीन पटींहून जास्त वीज ओढेल. म्हणजे २१० वॉटचा कुकर पावणेआठशे वॉटच्या आसपास जाईल आणि मिनिटांत जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आठ तास सलग चालायचं असल्याने कुकरच्या दुपटीचा, निदान ५०० वॉटचा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात ते हलके कन्व्हर्टर अशा लांब कामाचे नाहीत. आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिकडे ६०, याने साध्या तीन-खटक्यांच्या कुकरला काही होत नाही.

ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि वजन पाहिलं की इथलाच २३० व्होल्टचा कुकर घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. वीज फारशी जळत नाही : २०० वॉट धरले तर सात तासांना जेमतेम दीड युनिट.

प्रश्न : ब्रेस्ट वापरलं तर दोरे दोरे होऊन कोरडं झालं. रश्शात बुडालेलं चिकन कोरडं होतंच कसं? (मांजलपूर)

होतं. ब्रेस्टमध्ये चरबी आणि चिवट ऊती दोन्ही कमी. ७४ अंश सेल्सियसला ते खाण्याजोगं होतं आणि त्यापुढे आकसत पाणी सोडत जातं. भोवती कितीही रस्सा असला तरी ते पाणी आत परतत नाही. लेग-थायमधल्या चिवट ऊती लांब शिजण्याने विरघळून जिलेटीन होतात. मांस त्यामुळे मऊ राहतं आणि रश्शालाही अंग येतं. ब्रेस्टच हवं असेल तर तुकडे न करता अख्खं ठेवा आणि लो वर तीन तासांनंतर तपासायला लागा.

गावरान कोंबडी, जिला दुकानदार देशी म्हणतो, इथे बहार आणते. हाडांसकट १ किलो घ्या, लो वर आठ-नऊ तास द्या, मग हाडं वेचून काढा. बारीक फासळ्या नीट शोधा, त्या दडून बसतात.

गोठलेलं चिकन थेट कुकरमध्ये घालू नये. भांडं तापायलाच वेळ लागतो आणि तोवर मांस ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात, जिथे जंतू भराभर वाढतात, तासन्‌तास रेंगाळतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली उतरवून ठेवा.

प्रश्न : लाइट गेली तर? आणि सकाळी सगळं भरून टायमरने दुपारी सुरू केलं तर चालेल का? (गोत्री)

टायमरचं आधी : नाही. बडोद्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघर दुपारी चाळिशीला टेकतं. ३२ अंशांच्या वर कच्चं चिकन तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहू नये. आधी शिजवून नंतर ‘वॉर्म’ वर जाणारा टायमर चालतो, उशिरा सुरू होणारा नको.

लाइट जाताना तुम्ही घरी असाल तर झाकण न उघडता थोडं थांबा. लवकर येत नाही असं दिसलं की सगळं जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर पुरं करा. चिनी मातीचं भांडं मात्र गॅसवर ठेवू नका, तडकेल. चिकन पूर्ण शिजल्यावर लाइट गेली असेल तर बंद कुकरमध्ये ते दोन तास चालतं. घरी कुणी नव्हतं आणि लाइट किती वेळ नव्हती ते कळत नसेल तर शिजलेलं दिसलं तरी टाकून द्या. जिवावर येतं, पण वासावरून याचा निवाडा होत नाही.

प्रश्न : डंपलिंग म्हणजे आपली वरणफळंच ना? मग फुगवायचा खटाटोप कशाला? (दांडिया बाजार)

प्रश्न आवडला. अमेरिकेतच याचे दोन पंथ आहेत. एक चमच्याने सोडलेल्या फुगीर गोळ्यांचा, जो आम्ही दिला. दुसरा, मुख्यतः दक्षिणेकडचा, लाटून कापलेल्या चपट्या पट्ट्यांचा, आणि तो चकोल्या-वरणफळांचा किंवा दाल ढोकळीचा सख्खा चुलतभाऊ शोभेल. त्यासाठी २०० ग्रॅम मैदा, अर्धा टीस्पून मीठ, ३० ग्रॅम लोणी आणि ९० मिलीच्या आसपास कोमट पाणी घेऊन घट्ट मळा, २० मिनिटं झाकून ठेवा, २ मिलिमीटर जाड लाटा आणि पट्ट्या कापा. निम्मी कणीक घातली तर पाणी चमचा-दोन चमचे वाढवा. पट्ट्या एकेक करून उकळत्या रश्शात सोडा. ढीग टाकला तर एकच ढेकूळ होईल. हाय वर ३०-४० मिनिटं. या पट्ट्यांचं पीठ रश्शाला दाट करतं, म्हणून कॉर्नफ्लोअर एक टेबलस्पूनच घ्या. स्लो कुकरमध्ये फुगीर गोळ्यांपेक्षा ही फळं बिघडायची भीती कमी. पहिल्यांदा करणाऱ्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी.

प्रश्न : रस्सा पाण्यासारखा झाला आणि दूध फाटलं. (फतेहगंज)

दूध सुरुवातीलाच घातलंत ना? तासन्‌तास तापून ते फाटतंच. ते शेवटी, फुल क्रीम आणि कॉर्नफ्लोअर कालवून घाला. टोमॅटो किंवा दही या रश्शात नको. पाण्याचं म्हणाल तर स्लो कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, उलट चिकन आणि कांदा आपलं पाणी सोडतात. गॅसवरच्या कृतीतलं पाणी इथे पाव ते तृतीयांश कमी करावं लागतं. कॉर्नफ्लोअरही सुरुवातीला घालू नका, फार वेळ शिजलं की त्याचा दाटपणा सुटतो.

प्रश्न : घरात निम्मे शाकाहारी. चिकनऐवजी राजमा घालून तसंच सहा तास ठेवू का? (निझामपुरा)

तसंच मुळीच नको. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं. ते नष्ट व्हायला पूर्ण उकळी लागते, आणि लो वरचा कुकर तिथवर पोचेलच असं नाही. अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका, प्रेशर कुकरला मऊ शिजवा आणि मगच यात घाला. त्यापेक्षा ४०० ग्रॅम मशरूम, बटाटा आणि मका यांचा रस्सा या गोळ्यांना जास्त शोभतो. बटाटे दीड सेंटिमीटरचे आणि तळाशी, कारण कंदमुळं इथे मांसापेक्षा हळू शिजतात. हाय वर तीन तास पुरतात.

प्रश्न : उरलेले गोळे दुसऱ्या दिवशी लगदा होतात. (रावपुरा)

ते रात्रभर रस्सा पीत बसतात. जेवण झाल्यावर गोळे वेगळ्या डब्यात, रस्सा उथळ डब्यात, आणि दोन्ही फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात तासाभराच्या आत. गरम करायला स्लो कुकर नको, फार वेळ लावतो. रस्सा गॅसवर उकळा आणि गोळे शेवटची पाच मिनिटं वर ठेवून झाका. रिकाम्या गरम भांड्यात मात्र लगेच थंड पाणी ओतू नका, ते तडकतं.