वाचकांचे प्रश्न : नगरसेवकांना काय विचारावे?

प्रश्न : मी बार्शी येथील एका माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी वार्षिक हस्तलिखितासाठी ‘आपले नगरसेवक’ हा विषय निवडला आहे. त्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत आवडता पदार्थ, आवडता रंग, आवडता अभिनेता, बालपणीची आठवण असे वीस प्रश्न आहेत. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘हा फुकटचा प्रचार आहे, विचारायचे तर कामाचे विचारा.’ मुलांचा उत्साह मोडवत नाही आणि सरांचे म्हणणेही खोडून काढता येत नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची शंका रास्त आहे, तरीही हस्तलिखित अवश्य काढावे. आज आठवीत असलेला मुलगा चौथीत होता तेव्हा, म्हणजे २०२१-२२ च्या सुमारास, राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची आणि महानगरपालिकांची मुदत संपली. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदांच्या निवडणुका होईपर्यंत तेथे प्रशासक कारभार पाहत होते. ज्या वयात ‘नगरसेवक म्हणजे कोण’ हे घरातल्या बोलण्यातून सहज कळते, नेमक्या त्याच वयात या मुलांच्या गावाला नगरसेवक नव्हता. शिवाय नगरपरिषदेच्या एका प्रभागातून साधारणतः दोन सदस्य निवडून येतात आणि मुंबई वगळता बहुतेक महानगरपालिकांत चार. त्यामुळे ‘आपला नगरसेवक कोण’ या प्रश्नाला मोठ्या माणसांनाही एका नावात उत्तर देता येत नाही. अशा वेळी मुले स्वतःहून त्यांच्या दारात जाऊन बोलू पाहत असतील, तर त्यांना अडवू नये. प्रश्न मात्र बदलावेत.

आवडत्या पदार्थाचा प्रश्न निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. पिठलं-भाकरी, ठेचा आणि आईच्या हातचे काहीही, याबाहेर जाणारा लोकप्रतिनिधी मला अजून भेटायचा आहे. बंगल्यात राहणाऱ्यालाही छापण्यासाठी पिठलेच आवडते. काही वर्षांपूर्वी एका पुरवणीसाठी मी अशाच प्रश्नावल्या वाटल्या होत्या. त्यांतील चार सदस्यांच्या प्रश्नावल्या परत आल्या त्या एकाच हस्ताक्षरात. चौघांचेही आवडते पुस्तक एकच, आवडता ऋतू पावसाळा आणि छंद ‘समाजसेवा’. चौकशी केल्यावर समजले की पक्षाच्या कार्यालयातील एका तरुणाने चहा पिता पिता चारही कागद भरून टाकले होते. आवड ही दुसऱ्याला लिहून देता येते, हे मला त्या दिवशी कळले.

आठवणीचे तसे होत नाही. खरी आठवण जागा, माणूस आणि काळ यांना धरून येते. ती खोटी रचली, तर ऐकणाऱ्यांतला एखादा म्हातारा ‘तिथे तेव्हा विहीर नव्हतीच’ असे म्हणून मोकळा होतो. म्हणून मुलांना सांगावे की वीसांपैकी पंधरा प्रश्न खोडावेत आणि उरलेल्या पाचांना गावात बांधून ठेवावे. ‘बालपणीची एक आठवण सांगा’ असे विचारले तर गणेशोत्सवातले भाषण मिळेल. ‘लहानपणी तुमच्या घरी पाणी कोठून भरत, ते कोण भरत असे आणि ती जागा आज कशी आहे?’ असे विचारले तर, आठवडाभराने नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या मुलांना, समोरच्या माणसाने पाण्यासाठी कधी रांग लावली होती की नाही हे दोन वाक्यांत समजेल. तसेच, ‘तुम्ही कोणत्या शाळेत शिकलात आणि त्या शाळेचा आजचा पट किती आहे?’ या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आठवणीचा आणि दुसरा कामाचा आहे. नगरपरिषदेच्या शाळेत शिकलेल्या सदस्याला आपल्याच शाळेचा पट ठाऊक नसेल, तर त्याने तो विचारून घ्यावा एवढी संधी त्याला द्यावी. मुलांनी पुन्हा आठ दिवसांनी जावे.

माझा स्वतःचा सर्वांत लाडका प्रश्न वेगळा आहे. ‘तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कार्यालयात स्वतःचे काम घेऊन गेलात, ते कोणते काम होते आणि काय घडले?’ हा तो प्रश्न होय. जातीचा दाखला, शिधापत्रिकेवरचे नाव, सातबारावरची नोंद, वडिलांच्या मृत्यूचा दाखला यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या वाट्याला आलेले असते. टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभे राहून ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य ऐकल्याची आठवण ज्याला नीट सांगता येते, त्याच्याकडे नागरिकाने काम घेऊन जाणे सोपे असते, असा माझा अनुभव आहे. हा अनुभव आहे, नियम नव्हे. छान आठवण सांगून सभेला गैरहजर राहणारेही पाहिले आहेत.

आपल्या गावापुरता आणखी एक प्रश्न सुचवतो. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि तिची अरुंद रुळांची गाडी पुढे शंभरहून अधिक वर्षे या भागात धावत होती. पंचेचाळिशीच्या पुढचे जे सदस्य असतील त्यांना त्या गाडीची, गिरणीच्या भोंग्याची आणि भगवंताच्या यात्रेची आठवण विचारावी, तर तिशीतल्या सदस्यांना ‘तुम्ही लहान असताना होती आणि आता नाही, अशी गावातील कोणती गोष्ट तुम्हांला परत हवी आहे?’ असे विचारावे. याचे उत्तर मैदान, तालीम, ओढा किंवा वाचनालय असे काहीही येईल. जे येईल ते मुलांनी तारखेसह लिहून ठेवावे, कारण पुढील अर्थसंकल्पाच्या वेळी ते हस्तलिखित सदस्यांपुढे ठेवता येईल.

आता सरांच्या आक्षेपाबद्दल. ‘कामाचे विचारा’ हे त्यांचे म्हणणे पुरे करण्यासाठी मुलाखतीच्या समोरच्या पानावर दोन गोष्टी द्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रातील माहिती, म्हणजे शिक्षण, मालमत्ता, देणी आणि दाखल गुन्हे. ही माहिती मतदारांसाठीच जाहीर केलेली असते, त्यामुळे ती शाळेच्या हस्तलिखितात उतरवण्यात गैर काही नाही. दुसरी, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तातून मिळणारी सदस्याची उपस्थिती आणि त्याने मांडलेले वा विरोध केलेले ठराव. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते (ते सरकारनियुक्त होते, निवडून आलेले नव्हते, हे नागरिकशास्त्राच्या शिक्षिकेला सांगायला नको). व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचे घाटत असताना तो पैसा शिक्षणावर खर्च करावा, असे म्हणून त्यांनी विरोध केला. त्यांना जेवणात काय आवडत असे हे ठाऊक नसूनही आपण त्यांना या एका विरोधावरून ओळखू शकतो. मुलांनी हे उदाहरण मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस लिहिले तरी चालेल.

प्रचार होऊ नये म्हणून एवढे पुरे : सर्व प्रभागांतील सर्व पक्षांच्या सदस्यांना आणि नगराध्यक्षांना तेच प्रश्न विचारावेत, पाने आडनावांच्या अकारविल्हे लावावीत, आणि उत्तरे मुलांनी समोर बसून आपल्या हातांनी लिहून घ्यावीत. भरून पाठवलेला कागद स्वीकारू नये. त्याचे कारण वर आलेच आहे.

प्रश्न : मी विदर्भातील एका ग्रामपंचायतीची प्रथमच निवडून आलेली सदस्य आहे. गावातील तरुण मंडळाने सर्व सदस्यांचा परिचय छापण्यासाठी माहिती मागितली, ती माझ्या यजमानांनी परस्पर भरून दिली. त्यात माझी आवड म्हणून ‘स्वयंपाक व देवपूजा’ असे आले आहे. मला ते खटकले, पण एवढ्या लहान गोष्टीवरून वाद कशाला, असेही वाटते. मी काय करू?

उत्तर : ताई, गोष्ट लहान नाही. राज्यात पंचायतींमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या त्याला २०११ पासून आता दीड दशक होत आले, तरीही सदस्याची खुर्ची एकीची आणि बोलणे दुसऱ्याचे, हा प्रकार इतका रुळला आहे की ‘सरपंचपती’ हा शब्द आपण हसून वापरतो. मासिक सभेत सदस्याच्या जागी नातेवाईक बसू शकत नाही. मग परिचयाच्या कागदावर तरी त्याने का बसावे? वाद न घालता मंडळाच्या मुलांना बोलावून सांगा की छपाई होण्यापूर्वी माझा मजकूर मी बदलून देते. यजमानांना मुलांसमोर कमीपणा येईल असे काही बोलण्याची गरज नाही.

मजकुरात काय लिहावे याविषयी मुंबईचे एक उदाहरण देतो. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या होत्या. पण गोरेगावच्या बायकांनी त्यांना ओळखले ते नळाच्या प्रश्नावरून, आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे पराभूत झालेल्या इंदिरा गांधी) पाण्यात’ ही घोषणा लोकांनीच केली. तुम्हांला स्वयंपाक खरोखर आवडत असेल तर तेही लिहा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र त्याच्यापुढे चुलीच्या धुराची, सरपणाच्या मोळीची किंवा बाळंतपणासाठी तालुक्याला जाताना बंद पडलेल्या गाडीची जी आठवण तुमच्या मनात असेल, ती तुमच्या शब्दांत लिहा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते; तिथे हाच मजकूर वाचून दाखवलात तर पुढच्या बाईला बोलायला विषय मिळेल.

प्रश्न : गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या आमच्या प्रभागात मोजकेच मतदार आहेत. आमचा पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, माझा शाळासोबती आहे. त्याला कोणते मासे आवडतात, तो कोणत्या नाटकात राक्षस झाला होता, हे सारे गावाला ठाऊक आहे. मग अशा परिचयांचा आम्हांला काय उपयोग?

उत्तर : आपल्याकडे उलटी अडचण आहे. माणूस इतका ओळखीचा असतो की त्याला पंचायतीच्या हिशेबाबद्दल विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटू लागते, आणि रविवारी होणाऱ्या ग्रामसभेत शाळासोबती गप्प बसतात. आपण आठवणी त्याला विचारू नका, त्याला करून द्या. ‘आपण ज्या शेतात पावसाळ्यात फुटबॉल खेळायचो, त्याच्या रूपांतरणाचा, म्हणजे ते बिगरशेती करण्याचा, अर्ज पंचायतीपुढे आला आहे का?’ हा प्रश्न त्याला बाजारात भेटल्यावर विचारता येईल, पण ग्रामसभेत उभे राहून विचारावा, म्हणजे त्याचे उत्तर नोंदवहीत येईल. नंतर दोघांनी मिळून मासळी खावी.