जायचं तर राहायला जा

प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

"एक वर्ष जाऊन बघते मावशी, नाही जमलं तर परत येते," असं तू म्हणालीस तेव्हा तुझी आई शेजारी होती म्हणून मी बोलले नाही. आता लिहिते. एका वर्षासाठी जायचं असेल तर केनियाला, मिशनऱ्यांच्या मुलांच्या त्या बोर्डिंग शाळेत काम करायला, जाऊ नकोस. वेंगुर्ल्यात राहा, शाळेतली नोकरी कर, शब्बाथ शाळेत मुलांचा बायबलचा वर्ग घे. तीही प्रभूचीच सेवा आहे. पण बोर्डिंगमध्ये जायचं तर राहायला जा. निदान तीन वर्षं.

तुला वाटेल ही बाई पहिल्याच ओळीला रागावली. हो, रागावले. मी तिथे कामाला होते तेव्हा दर वर्षी नवी सत्रं सुरू झाली की गिटार घेऊन, हसरे चेहरे घेऊन तरुण मुलंमुली येताना मी पाहिली आहेत. मनापासून आलेली, चांगली पोरं. पहिल्या महिन्यात त्यांच्याभोवती सगळं वसतिगृह गोळा व्हायचं. वर्ष संपलं की गळ्यात पडून रडारड, आणि विमान. मोठी मुलं मग शहाणी होतात. नवीन आंटी आली की जेवणाच्या टेबलावर तिला सहज विचारतात, "तुम्ही किती दिवस आहात?" उत्तर एक वर्ष असलं की छान हसतात, मीठ पुढे सरकवतात आणि नंतर तिच्याकडे फिरकत नाहीत. असं वागणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला शिस्त कशी लावायची, असं मला एका नव्या मदतनीस मुलीने विचारलं होतं. शिस्त कसली लावतेस, तू जूनपर्यंत इथे आहेस का ते आधी सांग, असं मी तिला म्हटलं.

तुझा दुसरा प्रश्न: ती मुलं मिशनऱ्यांचीच, म्हणजे आधीच ख्रिस्ती, मग ही मिशनसेवा कशी? हा प्रश्न आपल्या चर्चच्या मंडळीतली वडीलधारी माणसंही विचारतात, म्हणून तुला दोष देत नाही. पाळकाच्या घरातल्या मुलाला देव आयता मिळतो असं सगळ्यांना वाटतं. त्या मुलाला विचारून बघ. त्याचे आईबाप दक्षिण सुदानात किंवा चाडमध्ये दवाखाना चालवतात. तिथे त्याच्या वयाला शाळा नाही, कधी रस्ते बंद होतात, कधी गोळीबार. म्हणून ते मूल डोंगरावरच्या बोर्डिंगमध्ये. तीन महिने शाळा, मग महिनाभर घर, पुन्हा तीन महिने शाळा. लहानपणापासून त्याने ऐकलेलं असतं की हे सगळं देवाच्या कामासाठी. मग एखाद्या रात्री अंथरुणात त्याचा हिशोब असा होतो की माझी आई देवानेच माझ्यापासून नेली. या मुलाला शुभवर्तमान कोण सांगणार? सकाळच्या भक्तीत ते रोज ऐकतंच. वचनं तोंडपाठ असतात. तू सत्रामागून सत्र त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली बसलेली दिसलीस तर कदाचित त्याला काही पटेल.

शमुवेलाची गोष्ट तू वर्गात शिकवतेस ना? ती बोर्डिंगच्या मुलाची गोष्ट आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्याची आई हन्ना त्याला शिलोच्या मंदिरात सोडून येते आणि दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेते. वर्षभरात मूल किती वाढलं असेल हा अंदाज ती घरी बसून करत असेल. आणि रात्री हाक आली तेव्हा ते पोर कुठे धावलं? तिथल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे. तीनदा धावलं. एलीची नजर मंद झाली होती, स्वतःचे मुलगे त्याला आवरता आले नाहीत, त्याबद्दल देवाने त्याला बोल लावला. पण रात्री पोराने धावत जावं अशा जागी तो निजलेला होता. पोराला उठवून न लावता शेवटी त्यानेच सांगितलं की हाक कोणाची आहे. एली वर्षभराच्या करारावर असता तर शमुवेल त्या रात्री कोणाकडे गेला असता?

आपल्याच किनाऱ्यावर बघ. स्कॉटिश मिशनचे लोक 1823 साली बाणकोटला आले, मग हर्णै, आणि आजूबाजूच्या गावांत शाळा काढल्या. त्यांतले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. पुढे काही वर्षांत मिशनचा भर मुंबई-पुण्याकडे गेला. तिथे त्यांनी मोठं काम केलं, ते मी नाकारत नाही. पण बाणकोटच्या शाळेत पाटी घेऊन बसलेल्या पोरांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि दुसरीकडे चीनमधल्या चीफूची शाळा. 1881 साली चायना इनलँड मिशनने ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठी काढली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी शाळा ताब्यात घेतली आणि 1943 मध्ये मुलांना वेइशियनच्या छावणीत नेऊन ठेवलं. कित्येक मुलांना आईबाप वर्षानुवर्षं दिसले नाहीत. शिक्षक मुलांबरोबर कैदेत गेले. तिथे त्यांनी वर्ग चालवले, परीक्षासुद्धा घेतल्या. उद्या सुटका होईल की नाही ते माहीत नसताना परीक्षा! त्याच छावणीत एरिक लिडेल होते, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचं सुवर्णपदक मिळवणारे. मुलं त्यांना अंकल एरिक म्हणायची. ते मुलांना शिकवत, त्यांचे खेळ घेत. स्वतःची गरोदर बायको आणि दोन मुली त्यांनी 1941 मध्ये कॅनडाला पाठवल्या होत्या. तिसरी मुलगी नंतर जन्मली, तिला त्यांनी कधी पाहिलंच नाही. फेब्रुवारी 1945 मध्ये ते छावणीतच वारले, सुटका त्या ऑगस्टमध्ये झाली. तुझ्या वयाला मला कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं, राहण्याचा हट्ट माझाच आहे.

आता एक कडक गोष्ट. गिनीमध्ये मामू इथे मिशनऱ्यांच्या मुलांची अशीच बोर्डिंग शाळा होती. तिथे मुलांवर अत्याचार झाले आणि 1990 च्या दशकात स्वतंत्र चौकशी झाली तेव्हा ते नोंदले गेले. तोवर ती मुलं प्रौढ झाली होती. बोललो तर आईबापांचं देवाचं काम बंद पडेल, ही भीती त्या मुलांच्या मनात घातली गेली होती. हे वाच आणि विसरू नकोस. दार बंद करून कुठल्याही मुलाबरोबर एकटी बसू नकोस, तू कितीही निर्मळ असलीस तरी. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही देऊ नकोस. काही कळलं तर त्याच दिवशी लिहून काढ आणि जबाबदार माणसाकडे ने. त्याने दाबलं तर त्याच्या वरच्याकडे ने. शाळेच्या नावाला बट्टा लागेल असं कोणी म्हणालं तर लागू दे म्हणावं. आणि हे बोलायला मुलाला धीर कधी येतो? पहिल्या वर्षी येत नाही. दुसऱ्या वर्षीसुद्धा आधी ते तुला दुसरंच काहीतरी क्षुल्लक सांगून पाहतं, तू काय करतेस ते बघतं. म्हणून म्हणते, राहायला जा.

मुलांचे फोटो काढून इकडच्या मंडळीला पाठवायचे नाहीत. पाठिंब्यासाठी पत्र लिहायचं तर स्वतःच्या कामाचं लिही, रडणाऱ्या मुलाचं नको. रडणाऱ्या मुलाला लगेच प्रार्थनेला बसवू नकोस. आधी रडू दे, पाणी दे. अंथरूण ओलं झालं तर चादर इतरांच्या आधी उठून बदल. रविवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट असते, तेव्हा सुट्टी घेऊ नकोस. लावणीचा तरवा एकदा उपटला तरी नव्या खाचरात मूळ धरतो, पण रोज उपटून मूळ धरलंय का बघितलं तर कुजतो. बोलतं करायच्या नादात मुलांना तसं उकरू नकोस.

तुझी आई मला म्हणाली, "लोकांची पोरां सांभाळूक इतक्या लांब कित्याक?" माझी आईही हेच म्हणायची. वडील गेले तेव्हा मी तिकडे होते. वसतिगृहात माझ्या मजल्यावर दोघं भावंडं होती. त्यांच्या आईबापांच्या गावात लढाई सुरू झाली होती आणि बरेच दिवस काही कळत नव्हतं. धाकटा माझ्या खोलीच्या दाराबाहेर चादर घेऊन निजायचा. मी आले नाही. भावाने ते अजून मनात ठेवलंय, आणि वडिलांचा हात शेवटी हातात घ्यायला मिळाला नाही याचं दुःख मला रोज आहे. लोक म्हणतात, दुसरं कोणीतरी त्या मुलांजवळ थांबलं असतं. कोण? दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हे मला कोणी सांगत नाही. वडिलांजवळ तीन लेकरं होती, सुना होत्या, सगळी वाडी होती. त्या पोराजवळ मी होते. पुन्हा तीच वेळ आली तरी मी तिथेच राहीन. तुझ्या आईलाही मी हेच सांगणार आहे, तिला आवडणार नाही तरी. पण तीन वर्षांत एकदा घरी यायचं तिकीट करारात लिहून घे. माझ्या वेळी ते कोणी लिहून दिलं नव्हतं.

शाळेला उत्तर लिहिताना "एक वर्ष" खोडून "तीन वर्षं" लिही. ते नको म्हणाले तर ती शाळा तुझ्यासाठी नाही. एका खोलीत किती मुलं, रात्री जबाबदार कोण, तक्रार कुठे नोंदवायची, हे विचार आणि उत्तर लेखी माग. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट ऑफिसला आत्ताच कर, त्याला वेळ लागतो. लोकरीचे कपडे घे. ती जागा 2,000 मीटरच्या वर आहे, आणि जुलैत, आपल्याकडे पाऊस धो धो असताना, तिथे सगळ्यात जास्त थंडी असते. पैशांचं मंडळीने बघायचं. पाळकसाहेबांशी मी बोलते. करार आला की सहीच्या आधी माझ्याकडे घेऊन ये, संध्याकाळी मी घरीच असते.

तुझी,
मावशी