'उदुग' म्हणजे राक्षस का?

प्राचीन मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) सुमेरी भाषेच्या मंत्रांत 'उदुग' हा शब्द एका अदृश्य शक्तीसाठी येतो. त्याला आणि त्यापासून आलेल्या, तिथल्याच अक्कादी भाषेतील 'उतुक्कू'ला मराठीत 'राक्षस' म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये, कारण दुष्टपणा या शब्दात मुळात नाही. सोळा मृत्तिकाफलकांच्या ज्या प्रसिद्ध द्वैभाषिक मंत्रमालेत सुमेरी ओळीखाली तिचे अक्कादी भाषांतर दिलेले असते, तिचे नाव 'उदुग-हुल', अक्कादीत 'उतुक्कू लेम्नूतू' असे आहे आणि त्यातील 'हुल' व 'लेम्नूतू' या विशेषणांचा अर्थ 'दुष्ट' असा आहे. आपणही 'दुष्ट राक्षस' म्हणतोच, असा आक्षेप येईल. पण सुमेरी मंत्रांत रोग्याच्या बाजूला भला उदुग उभा राहावा, अशी विनवणीही येते आणि तिथे 'राक्षस' बसवून पाहिला की घोटाळा लगेच लक्षात येतो.

'भूत' हा शब्दही मी 'एटेम्मू'साठी राखून ठेवीन. एटेम्मू म्हणजे मृत माणसाचे भूत. त्याला अन्नपाणी अर्पण केले गेले नाही, तर ते जिवंतांना पीडा देते, अशी समजूत होती; कानात आवाज होऊ लागले, तर त्याचे निदान 'एटेम्मूचा हात' असे केले जाई. अर्थात या सीमारेषा मूळ ग्रंथांतही पक्क्या नाहीत, कारण गिल्गमेश महाकाव्याच्या बाराव्या फलकात पाताळातून वर येणाऱ्या, गिल्गमेशचा मित्र एन्किदू याच्या आत्म्याला 'उतुक्कू' असेच म्हटले आहे.

'असक्कू' हा शब्द मात्र मराठी वाचकाला अवघड जाऊ नये. तो रोग आणणाऱ्या शक्तीचे नाव आहे आणि त्या रोगाचेही. जुन्या मराठीत 'देवी आल्या' म्हणताना आजार आणि देवता वेगळ्या काढता येत नसत, तसेच हे आहे.

हे मंत्र म्हणणाऱ्या 'आशिपू'ला 'मांत्रिक' म्हणण्याचा मोह होतो, पण आज त्या शब्दाला फसवणुकीचा वास येतो. आशिपू हा मंदिराशी किंवा राजवाड्याशी जोडलेला, शास्त्र शिकलेला पंडित असे आणि रोगलक्षणांचा 'साकिक्कू' हा चाळीस फलकांचा ग्रंथ त्याच्याच विद्येचा भाग होता. औषधे आणि मलमपट्टी हे प्रामुख्याने 'असू'चे काम असले, तरी आशिपूही औषधे देत असे. म्हणून 'असू'ला वैद्य म्हणावे, आणि 'आशिपू' व 'उदुग' हे शब्द मुळातलेच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्यांचा अर्थ एका वाक्यात द्यावा.