निशाणी पडायच्या आत बोला

प्रश्न : वकीलसाहेब, माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर होता. सुताचे कोन (शंकूच्या आकाराची रिळं) चोरल्याची फिर्याद मालकाने त्याच्यावर केली. पोलीस कोठडीत असताना त्याची एका कागदावर सही घेतली. त्यात लिहिलंय, ‘मी कारखान्यातून कोन चोरले असून ते अमुक गोदामात ठेवले आहेत, चला काढून देतो.’ दोन्ही पंच मालकाकडेच कामाला आहेत. सीसीटीव्हीची क्लिप मालकाच्या मुलाने पेनड्राइव्हवर घालून दिली. गेल्या आठवड्यात चार्जशीटच्या नकला मिळाल्या. इंग्रजी मालिकेत वकील खटल्याआधीच अर्ज करतो आणि असले पुरावे बाहेर काढायला लावतो. आमचे वकील म्हणतात, ‘आपल्याकडे तसं नसतं, वेळ आल्यावर बघू.’ ते टाळतायत का?
– एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, टाळत नाहीत, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ‘वेळ आल्यावर’ म्हणजे नक्की कधी, हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं.

मालिकेत दिसतं ते अमेरिकेतलं. क्लीव्हलंडमध्ये पोलीस स्फोटातल्या एका संशयिताला शोधायला एका बाईच्या घरात शिरले, संशयित राहिला बाजूला, हाती लागली अश्लील म्हणवली गेलेली पुस्तकं. १९६१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बेकायदा झडतीतलं काही राज्यांच्या कोर्टातही पुरावा म्हणून चालणार नाही. त्यामुळे तिथे खटल्याआधी अर्ज, त्यावर वेगळी सुनावणी, असं सगळं होतं. आपला रस्ता वेगळा. १९७४ च्या ‘पूरणमल’ निकालापासून आपल्याकडे सर्वसाधारण धोरण असं की झडती चुकीची झाली एवढ्यावरून सापडलेली वस्तू बाद होत नाही. त्यामुळे पंच मालकाची माणसं आहेत म्हणून जप्ती आपोआप रद्द होईल या आशेवर बसू नका. कायदा त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच घ्यायला सांगतो हे खरं, पण न घेतल्याचा परिणाम पंचनाम्यावर किती विश्वास ठेवायचा, यावर होतो.

तुमच्या भावाच्या सहीच्या कागदाचं मात्र तसं नाही. त्याला आम्ही निवेदन पंचनामा म्हणतो. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्याला एकच फट ठेवलीय. आरोपीने कोठडीत सांगितल्यावरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर तिच्याशी थेट जुळणारा तुकडा तेवढा घेता येतो.

आता हातात पेन्सिल घ्या. ‘मी कारखान्यातून कोन चोरले असून’ यावर आडवी रेघ मारा. हे कोर्टाने वाचायचंच नाही. ‘ते अमुक गोदामात ठेवले आहेत, चला काढून देतो’ एवढं उरतं. आणि हेही कधी उरतं? गोदाम पोलिसांना आधी ठाऊक नव्हतं तर. फिर्यादीतच मालकाने त्या गोदामाचं नाव घेतलं असेल, तर भावाच्या सांगण्यावरून नवं उघडकीला काय आलं? फिर्याद आणि पंचनामा शेजारी शेजारी ठेवून वाचा, तारीख नि वेळ बघा. माझी निम्मी वकिली या एका कामावर चालली.

एक जुनी केस आठवली म्हणून सांगतो. आरोपी म्हातारी विडी कामगार, घरात-बाहेर तेलुगूशिवाय शब्द नाही. निवेदन पंचनाम्यात मात्र ‘मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय निवेदन करते की’ असली खणखणीत सरकारी मराठी. पंचाला उलटतपासणीत विचारलं, बाई कुठल्या भाषेत बोलल्या? ‘मराठीत, घडाघडा.’ दुभाषी होता का? ‘गरजच नव्हती.’ न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा पंचाकडे, आणि टायपिस्टला म्हणाले, हे उत्तर जसंच्या तसं घ्या. तुमच्या घरी कुठली भाषा बोलतात ते वकिलांना सांगितलंय का?

तर आपल्याकडचा दरवाजा खटल्याच्या आधी नसून साक्षीच्या मध्यावर आहे. पंच पिंजऱ्यात उभा, सरतपासणी (बोलावणाऱ्या बाजूच्याच वकिलाचे प्रश्न) चालू, सरकारी वकील कागद पुढे करून म्हणतात, सही तुमचीच ना? तो हो म्हणतो आणि कोर्ट कागदावर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यात घेतल्याचा क्रमांक, घालायला पेन उचलतं. त्या पेनाच्या आधी तुमच्या वकिलांनी उठून ‘हरकत आहे’ म्हणायचं आणि ती हरकत जबाबात लिहून घ्यायला लावायची. मुळातच निषिद्ध असलेला पुरावा, म्हणजे पोलिसापुढची कबुली, निशाणी पडली तरी पवित्र होत नाही. पण कागद शाबीत करण्याच्या पद्धतीत खोट असेल आणि तेव्हा गप्प बसलात, तर अपिलात ओरडून उपयोग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा फरक स्वच्छ मांडलाय. म्हणून त्या दिवशी ज्युनिअरला ‘जरा उभा राहा’ म्हणून पाठवू नका.

सीसीटीव्हीची क्लिप या दुसऱ्या जातीची, म्हणजे शाबीत करण्याच्या पद्धतीतल्या खोटीची. मूळ डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) कोर्टात न आणता त्यावरची नकल दिली, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचा हॅश. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, आत एक टिंब बदललं तरी आकडा बदलतो. नुसता पेनड्राइव्ह चालत नाही. पण पेढे वाटू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं, तसंच खटला संपेपर्यंत ते आणायची मुभा देता येते असंही म्हटलं. प्रमाणपत्र नाही हे आजच अर्ज करून सांगितलंत, तर समोरची बाजू ते आणून ठेवेल. काय केव्हा बोलायचं ते वकिलांवर सोडा.

उलट जप्तीचं चित्रीकरण आजच मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं, यादी करून सह्या घेण्यापर्यंतचं ध्वनिचित्रमुद्रण पोलिसांनी करायचं असतं. ते नसेल किंवा मध्येच तुटलं असेल, तर त्या तुटलेल्या मिनिटांबद्दल उलटतपासणीत विचारता येतं.

आता तारखा, कारण नकला हातात पडल्यापासून घड्याळ सुरू झालंय. तीस दिवसांत प्रत्येक कागद मान्य की अमान्य हे सांगायचं असतं, त्याच संहितेचं कलम ३३०. कोर्ट मुदत सैल करू शकतं, पण त्यावर विसंबू नका. तारखेच्या गर्दीत यादी पुढे येते आणि कुणीतरी सरसकट ‘मान्य’ लिहून मोकळं होतं. पंचनामा मान्य केलात की तो पंचाला न बोलावता वाचता येतो. मग तुमचा मालकाच्या नोकरीतला पंच पिंजऱ्यात येणारच नाही आणि वरची सगळी कहाणी फुकट. दुसरी मुदत साठ दिवसांची, कलम २६२ खाली डिस्चार्जच्या, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच आरोपीला मोकळं करा अशा अर्जाची. मालिकेतल्या अर्जाच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे हेच. त्यात म्हणायचं, कबुली वगळा आणि मग सांगा, आरोप ठेवण्याजोगं उरतं काय? खरं सांगू, गोदामातून कोन निघालेत, त्यामुळे अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. फेटाळला तर पुढे सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना उच्च न्यायालयासाठी मुंबईची वारी नाही, त्याचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे.

गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे असायच्या, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते आधी शोधा.

प्रश्न : बायको फोनवर शिव्या देते. तिला न सांगता मी ते बोलणं रेकॉर्ड केलंय. घटस्फोटाच्या दाव्यात चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चोरून केलं म्हणून बाद होत नाही. मुंबईच्या कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं) लाचेबाबतचं फोनवरचं बोलणं टेप केलं होतं, ते मलकानी प्रकरणात चाललं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्या दाव्यातही अशी रेकॉर्डिंग घेता येतात म्हटलं. मूळ फोन जपून ठेवा, नवा घेताना एक्स्चेंजमध्ये देऊ नका. आणि अख्खं संभाषण द्या. तुम्ही काय बोललात तेही कोर्ट ऐकणार आहे.