शिक्षकांच्या परस्पर विश्वासाने मुलांच्या शिकण्यात खरोखर फरक पडतो का?

शिक्षकांचा एकमेकांवर विश्वास असला की मुलांची प्रगती होते, असे प्रशिक्षणात सांगतात, त्याला काही आधार आहे की ती नुसती बोलाची कढी, असे आपण विचारले आहे. आधार आहे, पण शिक्षककक्षातल्या हास्यविनोदाला मी विश्वास म्हणणार नाही. ज्यांच्यात उत्तम मैत्री आहे, पण एकाने दुसऱ्याच्या वर्गात कधी पाऊल टाकलेले नाही, असे सहकारी मी शिक्षक म्हणून भरपूर पाहिले आहेत.

शिकागोतील प्राथमिक शाळांचा अनेक वर्षे अभ्यास करून अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी २००२ मध्ये जी मांडणी केली, तिच्यात विश्वासाचे चार घटक आहेत : आदर, आपुलकी, कामातील क्षमता आणि सचोटी. यातले शेवटचे दोन आपण सोयीस्करपणे विसरतो. समजा, गणिताच्या शिक्षिका म्हणाल्या, ‘माझ्या वर्गातली निम्मी मुले अजूनही एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहितात; अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी होतात.’ हे ऐकून कोणी ‘तुमची मुलेच कच्ची’ म्हणाले, तर विषय तिथेच मिटतो. कोणी कागदाच्या समान पट्ट्या घडी घालून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात जाऊन बसले, तर एकीची युक्ती सगळ्यांची होते. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८८ च्या लेखात सामाजिक भांडवल, म्हणजे परस्पर संबंध आणि विश्वास यांतून मिळणारे बळ, एकेका व्यक्तीत नसून माणसांमधल्या संबंधांत असते असे म्हटले, त्याचा शाळेतला अर्थ मला हाच वाटतो.

सामूहिक आत्मविश्वास, म्हणजे ‘आपण सारे मिळून या मुलांना शिकवू शकतो’ ही धारणा, यातूनच येते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांच्या मते अशा धारणेचा सर्वांत बळकट स्रोत म्हणजे प्रत्यक्ष आलेले यश; प्रेरणादायी भाषणांचा परिणाम त्यामानाने बराच कमी. अर्थात, चांगल्या निकालांमुळेही आत्मविश्वास वाढतो, त्यामुळे आकडेवारीत संबंध दिसला म्हणून कारण एकाच बाजूला आहे असे मानणे घाईचे ठरेल.

सुरुवात मुख्याध्यापकांनी करावी. शिक्षकाने मोकळेपणाने सांगितलेली अडचण त्याच्या मूल्यमापनात त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, याची हमी द्यावी आणि एकमेकांचे तास पाहण्यासाठी वेळापत्रकातच जागा ठेवावी. शाळा सुटल्यावरची बैठक त्यासाठी पुरत नाही.